विकत घेतलेलं आपलं राहतं का? गेम, सॉफ्टवेअर आणि महिन्याची वर्गणी

गोदाकाठ (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली काढली. आत माझ्या कॉलेजच्या काळातल्या गेमच्या आणि सॉफ्टवेअरच्या सीडी-डीव्हीडी. मोजल्या, ३१ निघाल्या. काही एमजी रोडवरच्या दुकानांतून घेतलेल्या, काही मित्रांशी अदलाबदल करून आलेल्या. प्रत्येक डबीच्या मागे सीरियल नंबरचा स्टिकर आहे. त्यातले काही इतके फिके झालेत की उजेडात धरूनही आकडा लागत नाही.

मुलगा अकरावीत आहे. तो शेजारी बसून एकेक डबी उघडून बघत होता. आमच्या घरातल्या दोन्ही लॅपटॉपना डिस्कचा ड्राइव्हच नाही, म्हणून ऑफिसातून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसत एकेक डिस्क लावून पाहिली. १९ चालल्या. सात वाचल्याच गेल्या नाहीत, त्यांचं वय झालं. उरलेल्या पाच मात्र ठणठणीत आहेत, ओरखडासुद्धा नाही. पण गेम सुरू होण्याआधी इंटरनेटवरून परवानगी मागतो, आणि ती परवानगी देणारा सर्व्हर कंपनीने कधीच बंद केलाय. खराब झालेल्या सात डिस्कचं वाईट वाटलं नाही, या पाचांचं वाटलं. पैसे मोजले होते, पावती होती, डिस्क अजून हातात आहे, आणि तरी गेम माझा नाही.

त्याच आठवड्यात मुलाने कन्सोलसाठी वर्षभराची वर्गणी मागितली. एक रक्कम भरायची, शेकडो गेम खेळायचे. माझं पहिलं उत्तर 'नको' होतं. मग वाटलं, नको का, ते तरी नीट सांगता आलं पाहिजे. वही घेऊन बसलो आणि आमच्या घरातून दर महिन्याला किंवा दर वर्षाला काय काय कापलं जातं ते लिहून काढलं. दोन ओटीटी, गाण्यांचं ॲप, फोटोंसाठी क्लाउडची जागा, अँटिव्हायरस, बायकोच्या क्लासचं व्हिडिओ कॉलचं पॅकेज, माझं ऑफिस सॉफ्टवेअर. वर्षाचे तेवीस हजारांच्या वर गेले. एवढ्या पैशांत एक बरा फ्रिज येतो आणि तो दहा-बारा वर्षं चालतो.

वर्गणी वाईटच, असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही घरात कोणत्या गोष्टी वर्गणीवर ठेवता आणि कोणत्या आवर्जून विकत घेता, आणि ते कशावरून ठरवता, हे मनापासून जाणून घ्यायचंय. मुलाला उत्तर द्यायचंय.

कॉलेजरोड_गेमर:

काका, तुमच्या मुलाच्या बाजूने बोलतो. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कन्सोलवर नवा मोठा गेम आला की चार-पाच हजारांच्या घरात असतो. वर्षाला दोन घेतले तरी घरी बोलणी बसतात. वर्गणीवर मी गेल्या वर्षी चौदा गेम उघडले, त्यातले पाच शेवटपर्यंत खेळलो. त्या पाचांपैकी तीन छोट्या स्टुडिओंचे होते, ते मी पैसे देऊन कधीच घेतले नसते, कारण नावच ऐकलं नव्हतं. माझी गेमची आवड त्या तिघांमुळे बदलली. हे मालकीच्या हिशोबात कुठे धरायचं?

आणि खरं सांगायचं तर आमच्या पिढीने गेम विकत घेतलेच कधी होते? शाळेत असताना कॅफेत तासावर पैसे देऊन खेळायचो. तास संपला की मालक आवाज द्यायचा आणि उठायचं. तेही भाडंच होतं. कुणी म्हटलं नाही की हा गेम माझा का नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. एका गेममध्ये मी साठ तास घातले होते, शेवटचा भाग राहिला होता, तेवढ्यात परीक्षा आली. परीक्षा संपवून बघतो तर गेम यादीतून निघून गेलेला. माझं सेव्ह तसंच आहे, गेम नाही. अर्ध्यात टाकलेली गोष्ट अजून डोक्यात आहे.

सातपूरकर:

चांगला धागा. यातल्या बऱ्याच गोष्टी माहितीअभावी गुलदस्त्यात राहतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'वर्गणी की मालकी' असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा धरून चालतो की 'खरेदी करा' हे बटण दाबलं की मालकी मिळते. डिजिटल दुकानांत तसं होत नाही. तिथे मिळतो तो वापराचा परवाना, आणि तो काढून घेता येतो. म्हणजे पर्याय प्रत्यक्षात तीन आहेत: मुदतीचं भाडं, बिनमुदतीचं भाडं आणि खरी मालकी. फसगत होते ती मधल्या प्रकारात, कारण त्याची किंमत मालकीची असते आणि हक्क भाडेकरूचे.

सगळ्यात ठळक उदाहरण 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं. यूबीसॉफ्टने तो २०१४ मध्ये आणला. एकट्याने खेळायची पूर्ण कथा त्यात होती, तरी तो सतत सर्व्हरला जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम, अगदी डिस्कवरचासुद्धा, निकामी झाला. पुढे लोकांच्या खात्यांतून परवानेही काढले गेले. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही, पण बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपियन युनियनमधल्या नागरिकांच्या अधिकृत निवेदनावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. तुम्ही स्टीमवर काही घेत असाल तर पुढच्या वेळी ती ओळ वाचा.

आता तुमच्या पाच डिस्कबद्दल. त्या काळात नक्कल रोखायला असं करायचे की डिस्क बसवताना गेम कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, 'हा सीरियल नंबर खरा आहे का?' सर्व्हर 'हो' म्हणाला की पुढचं दार उघडतं. सर्व्हर गेला की 'हो' म्हणणारं कुणी उरत नाही. डिस्कवर सगळा माल असतो, फक्त कुलूप उघडत नाही. आजकाल उलटंही होतं, कुलूप हातात आणि माल दुसरीकडे. निन्टेंडोच्या स्विच २ साठी काही गेमची जी कार्डं निघतात त्यांत गेम नसतोच, तो डाउनलोड करायची चावी असते. कार्ड दुसऱ्याला देता येतं, एवढाच मालकीचा अंश शिल्लक.

खरी मालकी हवी असेल तर जीओजी हे गेमचं ऑनलाइन दुकान बघा. तिथून इन्स्टॉल करायची फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि ती बसवताना कुणाला विचारायला जात नाही. उद्या दुकान बंद पडलं तरी फाइल चालते. कन्सोलवर जुन्या पद्धतीची, पूर्ण गेम असलेली डिस्क. ही दोनच ठिकाणं मला मालकीच्या जवळची वाटतात.

पंचवटी_९२:

एवढा विचार कशाला? क्रॅक केलेली कॉपी घ्यायची, ना वर्गणी ना परवाना.

सातपूरकर:

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या टीमने दीड वर्ष खपून केलेली वस्तू कुणी फुकट वाटली तर माझ्या पोटात तुटेल. त्यामुळे हा मार्ग मी सुचवणार नाही. शिवाय क्रॅकसोबत काय येतं हे माहीत नसतं. आमच्या कॉलनीतल्या एका मुलाच्या लॅपटॉपवरून त्याच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड गेले होते. मालकीची मागणी करायची असेल तर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी ती शोभते.

वाचनवेडी:

मला गेममधलं काही कळत नाही, पण वर्गणी हा शब्द वाचून राहवलं नाही.

मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची जुनी सभासद. आपलं हे वाचनालय १८४० चं. वडील मला टिळक पथावर हाताला धरून घेऊन जायचे, तेव्हापासून वर्गणी भरतेय. घरात पुस्तकांचं कपाटही आहे. तरी दोन्हींत मला कधी भांडण दिसलं नाही. जे एकदा वाचायचं ते वाचनालयातून आणायचं. जे पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं ते विकत घ्यायचं. कित्येकदा आधी वाचनालयातलं वाचून, मग दोन महिने मन लावून पैसे साठवून तेच पुस्तक घेतलंय.

पण वाचनालयाच्या वर्गणीत आणि या मोबाइलवरच्या वर्गणीत एक मोठा फरक आहे, तो इथे कुणी लिहिला नाही. मी वर्गणी भरणं थांबवलं तरी पुस्तक नाशकातच राहतं. ते माझं नसलं तरी वाचनालयाचं असतं, म्हणजे गावाचं असतं. माझ्या वर्गणीतून घेतलेलं पुस्तक माझ्या नातीच्या हाती पडू शकतं. 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम आपल्या नाशकातून सुरू झाला आणि पुस्तकांच्या पेट्या कुठल्या कुठे पोचल्या. त्यातही पुस्तक कुणाच्या तरी मालकीचं होतं म्हणूनच ते पेटीत घालून पाठवता आलं. ॲपवरच्या वर्गणीत गावात कुणाकडेच काही नसतं. कंपनीने ठरवलं की एका रात्रीत सगळ्यांच्या कपाटातून एकदम जातं.

हे मी भीतीपोटी लिहीत नाही, तसं घडलेलं आहे. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं त्यांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हाही घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, पैसे परत मिळाले. पण दुकानदार मध्यरात्री घरात येऊन पुस्तक घेऊन गेला आणि टेबलावर पैसे ठेवून गेला, तर आपण त्याला व्यवहार म्हणू का?

मी ई-पुस्तकं वाचते, डोळ्यांना अक्षर मोठं करता येतं म्हणून. पण कपाट कमी केलेलं नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता):

ताई, 'गावात कुणाकडेच काही नसतं' हे वाक्य मी मुलाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, म्हणून जुने गेम सांभाळणारी माणसं लागतात. माझ्या पेटीकडे बघून म्हणाला.

सातपूरकर, बिनमुदतीच्या भाड्याचा मधला प्रकार वेगळा काढलात ते फार बरं केलं. मी तेवीस हजारांत फक्त वर्गण्या धरल्या होत्या. 'विकत' घेतलेले चित्रपट आणि गेम मी मालकीच्या रकान्यात टाकले होते. ते आता खोडले.

द्राक्षबाग_दिंडोरी:

राम राम. शहरातल्या मंडळींचा धागा आहे, पण माझाही अनुभव यात बसतो म्हणून लिहितो.

आमची सहा एकर बाग. तीन वर्षांपूर्वी बागेत हवामान यंत्र बसवलं. लोखंडी खांबावर पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याचं चक्र, आणि पानावरचा ओलावा किती तास राहिला ते सांगणारी पट्टी. द्राक्षात हा ओलावाच सगळं ठरवतो. पान किती तास ओलं राहिलं यावर डावणी हा बुरशीचा रोग येणार की नाही ते कळतं आणि एक फवारणी वाचते किंवा वेळेत होते. यंत्र रोखीने घेतलं. पहिल्या वर्षाची ॲपची वर्गणी त्यातच होती, पुढे दरवर्षी वेगळी.

दोन हंगाम उत्तम चाललं, खोटं बोलणार नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत वर्गणी भरायची राहिली. मजुरांची टोळी आलेली, पेस्ट लावायची, बँकेचं काम, त्यात मेसेज कुठे वाचतो आपण. बाग पोंग्यात होती, म्हणजे नवे कोंब फुटत होते, आणि रात्री पाऊस झाला. पहाटे पाचला ॲप उघडलं तर पडद्यावर एकच वाक्य, वर्गणी संपली. मी टॉर्च घेऊन खांबापाशी गेलो. यंत्रावरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे ते मोजत होतं. पट्टीवर फवाऱ्याचा पांढरा थर आणि त्यावर पाणी. भांड्यात पाऊस पडलेला मला डोळ्यांनी दिसत होता. पण आकडा मला मिळणार नव्हता. यंत्र माझं, खांब माझा, पाऊस माझ्या बागेवर पडलेला, आणि आकडा कंपनीकडे.

पैसे भरले, दुपारपर्यंत सुरू झालं. त्या दिवशी अंदाजाने फवारणी केली. मला जास्त लागलं ते वेगळंच. दोन वर्षांचं रोजचं तापमान, ओलावा, पाऊस, सगळं त्या ॲपमध्ये आहे. ते एकत्र उतरवून द्या म्हटलं तर फोनवरच्या मुलाने सांगितलं, तशी सोय या प्लॅनमध्ये नाही. मुलीने बसून महिन्या-महिन्याचे स्क्रीनशॉट काढले आणि वहीत उतरवले. कंपनीचं नाव घेत नाही, यंत्र चांगलं आहे आणि सल्ला देणारी माणसंही चांगली आहेत.

नवं यंत्र घेणाऱ्याला एवढंच सांगतो, किंमत विचारायच्या आधी विचारा: वर्गणी थांबली तर यंत्र जागेवर आकडा दाखवेल का, आणि माझ्या बागेची माहिती मला फाइलमध्ये काढून मिळेल का. शेजाऱ्याने पडदा असलेलं साधं यंत्र घेतलं, त्यात कार्ड आहे. त्याला सल्ला मिळत नाही, पण आकडा त्याचा त्याच्याकडे.

कॉलेजरोड_गेमर:

भाऊ, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या गेमचं सेव्ह आणि तुमचा पावसाचा आकडा एकाच जातीचे आहेत. फक्त माझ्याकडून एक गोष्ट अर्धी राहिली, तुमच्याकडे पीक होतं.

फोटोवाला_नाशिकरोड:

लग्नाचे फोटो आणि अल्बम हे माझं पोट. आमच्या धंद्यात हा बदल २०१३ लाच आला. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने तेव्हा जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट (सीएस) या सॉफ्टवेअर-संचाच्या पुढे नवी आवृत्ती एकरकमी मिळणार नाही, फक्त वर्गणीवर. माझ्याकडे सीएस ६ ची डिस्क होती, ती मी पुढे कितीतरी वर्षं वापरली. मग नव्या कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे कच्च्या, फाइल त्यात उघडेनात आणि वर्गणी घ्यावीच लागली.

मी वर्गणीला शिव्या देणार नाही. सुरुवात करणाऱ्या मुलाला एकदम मोठी रक्कम घालण्यापेक्षा महिन्याला थोडे पैसे देऊन काम सुरू करता येतं, हे खरंच मोठं आहे. माझ्याकडे शिकलेले दोघं तसेच उभे राहिले. पण करार नीट वाचा. 'महिन्याला अमुक' असं दिसतं तो कित्येकदा वर्षाचा करार असतो, पैसे फक्त महिन्याने घेतात. मधेच सोडलं तर दंड. याच मुद्द्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ च्या जूनमध्ये ॲडोबीवर खटला भरला होता. लग्नसराईपुरतं घेऊ आणि पावसाळ्यात बंद करू, असा हिशोब करणाऱ्याने हे आधी बघावं.

माझा नियम एकच आहे आणि तो मी ठेच लागून शिकलो. कोविडच्या वर्षी काम बंद, म्हणून वर्गणी बंद केली. त्याच काळात एक बाई आल्या. त्यांचे सासरे वारले होते आणि सहा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या अल्बममधला सासऱ्यांचा फोटो मोठा करून हवा होता. अल्बमच्या सगळ्या फाइल थरांच्या, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात. हार्ड डिस्क माझ्या हातात, फोटो मी काढलेला, आणि उघडायला चावी नाही. त्या बाई समोर खुर्चीत बसल्या होत्या. मी मित्राच्या स्टुडिओत जाऊन काम करून आणलं, पण ती दहा मिनिटं मला आठवतात.

तेव्हापासून काम संपलं की प्रत्येक पान साध्या टिफ आणि जेपेगमध्ये काढून दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, एक स्टुडिओत आणि एक घरी. अवजार भाड्याचं असलं तरी चालेल, पण त्यातून केलेलं काम कुठल्याही अवजारात उघडलं पाहिजे. व्हिडिओसाठी मी दा विंची रिझॉल्व्हकडे गेलो. साधी आवृत्ती फुकट, मोठी एकदाच पैसे देऊन. लिखापढीला लिबरऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर.

सिडको_हिशोब:

पैशाच्या बाजूने थोडं. माझे बाबा निवृत्त आहेत. त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याला छोट्या छोट्या रकमा जात होत्या. बघितलं तर पाच ऑटोपे निघाले. त्यातल्या दोन ॲपचं नावही त्यांना आठवत नव्हतं. 'पहिला महिना एक रुपया' म्हणून दाबलेलं बटण.

आपल्याकडे यावर नियम आहेत, ते वापरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. पंधरा हजारांच्या वरच्या रकमेला साधारणपणे प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. पण आपल्या वर्गण्या दीडशे, दोनशे, पाचशेच्या असतात, त्या सूचनेनंतर निमूट कापल्या जातात. म्हणून ती सूचना वाचायची सवय लावा. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे सगळी यादी एका जागी दिसते आणि तिथूनच रद्द करता येते. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, हा समज बाबांचा होता, आणि मला वाटतं अनेकांचा असेल.

दुसरं, केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न', म्हणजे ॲप-वेबसाइटवरच्या गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्या, रोखायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यातला एक आहे. घेणं एका बटणात आणि रद्द करणं सात पानांत दडलेलं, असं कुणी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा. मी एकदा केली, पैसे परत आले.

आणि वर्गणीचा आजचा भाव बघून ठरवू नका. ॲमेझॉन प्राइम भारतात २०१६ मध्ये वर्षाला ४९९ ला आलं. पुढच्या वर्षी ९९९, २०२१ च्या डिसेंबरात १,४९९. २०२५ च्या जूनपासून त्याच पैशांत चित्रपटाच्या मधे जाहिराती आल्या, त्या नको असतील तर आणखी पैसे. गेमचंही तेच. एक्सबॉक्स गेम पासची सगळ्यात वरची पायरी अमेरिकेत २०२५ च्या ऑक्टोबरात महिन्याला १९.९९ डॉलरवरून २९.९९ वर गेली. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये आपल्याकडे दर उतरवले होते हेही खरं, पण ते स्पर्धेमुळे. विकत घेतलेल्या वस्तूचा भाव घेतल्यानंतर वाढत नाही. वर्गणी तुम्ही जितकी जुनी कराल, तितकं सोडणं जड जातं, आणि भाव वाढवणाऱ्याला ते ठाऊक असतं.

फोटोंच्या क्लाउडबद्दलही लक्षात ठेवा. गूगलच्या नियमानुसार तुम्ही जागेची मर्यादा ओलांडून दोन वर्षं तसेच राहिलात तर मजकूर पुसला जाऊ शकतो. घरच्या फोटोंची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर हवीच.

कॉलेजरोड_गेमर:

सिडको ताई, ऑटोपेची यादी बघितली. माझ्या खात्यावर तीन निघाले, एक बंद केला. इंग्रजी शिकवणारं ॲप होतं, दीड वर्ष उघडलंही नव्हतं.

गेमच्या वर्गणीतली आणखी एक गोष्ट काकांच्या मुलासाठी. प्लेस्टेशन प्लसमध्ये दर महिन्याला जे गेम 'आपल्या यादीत जोडा' म्हणून मिळतात, ते वर्गणी चालू असेपर्यंतच उघडतात. वर्गणी थांबली की कुलूप, पुन्हा भरली की उघडतात. मला पहिलं वर्षभर वाटत होतं की ते माझेच झाले.

गोदाकाठ (धागाकर्ता):

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवण झाल्यावर मी आणि मुलगा वही घेऊन बसलो. काय ठरलं ते सांगतो.

मी आधी ठरवून टाकलं होतं की त्याला फुटबॉलचा गेम डिस्कवर घेऊन द्यायचा, कारण तो तोच रोज खेळतो. मालकी तिथे हवी, असं माझं गणित. तो म्हणाला, "बाबा, तो मी मित्रांशी ऑनलाइन खेळतो. पुढच्या वर्षी सगळे नव्यावर जातील, नंतर जुन्याचे सर्व्हर बंद होतील. तो विकत घेतला तरी तुमच्या पाच डिस्कसारखाच होणार." त्याचं बरोबर होतं. रोज वापरतो ते विकत घ्यावं, हा माझा नियम गेमला जसाच्या तसा लागू पडत नाही. कुणावर अवलंबून न राहता चालेल, तेच विकत घेण्यात अर्थ आहे.

म्हणून एक कथेचा, एकट्याने खेळायचा गेम सेकंडहँड डिस्कवर घ्यायचं ठरलं. आधी त्याने इंटरनेट बंद ठेवून डिस्कवरून तो चालतो का, याची माहिती शोधून काढली. वर्षभराची वर्गणी नाही, परीक्षा झाल्यावर मे आणि जून दोन महिन्यांची घ्यायची, आणि घेतानाच कॅलेंडरवर बंद करायची तारीख टाकायची. अँटिव्हायरस बंद केला, विंडोजसोबत येतो तो पुरे. दोन ओटीटींपैकी एक महिन्याआड. बायकोच्या क्लासचं पॅकेज तसंच ठेवलं, त्यावर तिची कमाई आहे. ऑफिस सॉफ्टवेअरच्या जागी लिबरऑफिस वापरून बघतोय. मराठी टंकन नीट चालतं, जुन्या दोन फाइलींच्या तक्त्यांची रचना थोडी हलली, त्या हाताने सरळ केल्या. फोटोंसाठी दोन टेराबाइटची हार्ड डिस्क मागवली. क्लाउडही ठेवलाय, कारण घरी पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर दुसरी प्रत हवी. बेरीज चौदा हजारांवर आली.

वाचनवेडी ताई, रविवारी मुलाला घेऊन वाचनालयात जातोय. त्याला सभासद करतो.

त्या पाच डिस्क टाकलेल्या नाहीत. मुलाने प्रत्येक डबीवर कागदाची पट्टी चिकटवून स्केचपेनने 'माल आहे, सर्व्हर नाही' असं लिहून ठेवलंय. चालू असलेल्या १९ डिस्कची यादी उद्या सकाळी इथे टाकतो. कुणाला हवी असेल त्याने गंगापूर रोडला येऊन न्यावी, खेळून परत द्यावी. ड्राइव्ह शुक्रवारी ऑफिसात परत द्यायचाय, त्यामुळे गुरुवारपर्यंत येणाऱ्याला तपासून देता येईल.